चारूचं वाढणं

चारू गेली तेव्हा सहा वर्षांची होती. त्यानंतर ती दर आश्विन पौर्णिमेला एकेका वर्षाने वाढत गेली.

हे वाढवण्याचं काम मिरजेत, शिकलगार फोटो स्टुडिओत व्हायचं. आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, अंगावर नवं कापड घालतात. थोरलं मूल गेलं तर धाकट्याला थोरलं मानून ओवाळावं की नाही, यावर शेजारच्या बायकांमध्ये दोन मतं होती. चारूच्या आईचं, सुनीती गोटखिंडीकरांचं, एकच होतं. त्यांची थोरली चारू होती आणि ती फोटोत होती. धाकटी विनता तेव्हा चार वर्षांची. तिच्याकडे निरांजनाला हाताचा आडोसा धरायचं काम आलं, आणि ते तिच्याकडेच राहिलं.

स्टुडिओतला निळा पडदा विनताला शेवटपर्यंत आठवत राहिला. हमीदभाई शिकलगार कॅमेऱ्याचा एक जुना स्टँड आणून आईच्या डाव्या हाताशी उभा करत, वितीने उंची मोजून त्याचा स्क्रू आवळत. दर वर्षी दोन-अडीच इंच वर.

"वहिनी, हात टाका. इथं, खांद्यावर. जरा खाली. हां, बास."

आई स्टँडभोवती हात टाकायची आणि त्याच्याकडे बघून हसायची. तसं हसताना विनताने तिला घरी कधी पाहिलं नव्हतं. रेल्वेत बुकिंग क्लार्क असलेले वडील मागे उभे राहून समोरच्या घड्याळाकडे बघत. विनता स्टँडच्या पलीकडे, जरा सुटी.

"विनू, अजून थोडी सरक गं. ताईचा फ्रॉक घेराचा आहे."

ती सरकायची.

घरचा फोटो झाला की आईबाबा बाहेर बाकावर जाऊन बसत आणि चारूसाठी आणलेला नवा फ्रॉक विनताच्या अंगावर चढे. तो तिला मोठा व्हायचा, म्हणून पाठीमागे कपडे वाळवायचे चिमटे. "रंग कसा येतो बघायचंय, बाळ," हमीदभाई म्हणत. "फ्रॉक काय एकटा उभा राहतोय होय?" मग ते डोक्यावर लेन्सचं झाकण ठेवून मंत्र्यासारखे चालत, कॅमेऱ्यालाच सलाम ठोकत, आणि विनता पोट धरून हसायची. दहा-बारा फोटो निघत. ते फोटो घरी कधी आले नाहीत. फ्रॉक मात्र घरी जाऊन चारूच्या फोटोपुढे घडी होऊन बसायचा. पुढच्या वर्षी नवा आला की जुना विनताला. "चारूचा घालून झाला. आता तुला."

आठवड्याने फोटो हातात पडे. त्यात स्टँड नसे. आईच्या हाताखाली चारू असे: उजळ, नीटस, सगळे दात दाखवून हसणारी. आणि तिच्या पलीकडे पापण्या अर्धवट मिटलेली, मान घातलेली विनता.

"बघ," आई म्हणायची. "अशी हसलीस कधी तू?"

एरवी आई वाईट नव्हती. वेळच्या वेळी वाढायची, वह्यांना कव्हरं घालून द्यायची. फक्त कधीतरी, पोळ्या लाटता लाटता, अगदी सहज सांगायची, "ताप आधी तुला आला होता. घरात तू आणलास." आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची.

बारावीनंतर विनता पुण्याला शिकायला गेली. त्या वर्षापासून चारू वाढायची थांबली. वीस वर्षांची, मोरपंखी साडीतली चारू भिंतीवर तशीच राहिली. "तू गेलीस आणि पोरीचं वाढणंच खुंटलं," आई फोनवर म्हणाली. आईची बोलायची रीतच तशी, असं विनताला वाटलं.

*

पुढच्या वीस वर्षांत विनताने जे यंत्र घडवायला हात लावला, त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोक त्याला सोलणी म्हणत.

फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. त्यातला एखादा माणूस कापून त्याचा वेगळा थर केला आणि तो दोन अंश फिरवला, तर त्याचे ठिपके जाळीच्या जुन्या घरांत नीट बसत नाहीत. मग संगणक प्रत्येक घरासाठी आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतो. डोळ्यांना हे कळत नाही, पण त्या अंदाजांना एक लय असते. एका मच्छरदाणीवर दुसरी किंचित तिरकी धरली की लाटा उमटतात. लाटांमधलं अंतर मोजलं तर दुसरी मच्छरदाणी किती तिरकी होती ते सांगता येतं. सोलणी त्या लाटा मोजायची. कोणता थर किती अंश फिरवला, किती टक्के ताणला, कोणत्या बिंदूवर टेकवून फिरवला, हे सगळं उलटं मोजून ती थर मुळात होता तसा काढून हातात द्यायची.

एकच गोष्ट निसटायची. थर नुसता आरशासारखा उलटवला, डाव्याचं उजवं केलं, तर ठिपके घरांतच राहतात. अंदाज नाही, लाट नाही. हे कोडं विनताने सोडवलं होतं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतल्या, उजेड टिपणाऱ्या चकतीत जन्मापासूनचे बारीक दोष असतात आणि ते त्याच्या हरेक फोटोत ठशासारखे उमटतात. थर उलटवला की ठसाही उलटा पडतो. विनताच्या सुधारणेनंतर सोलणीपासून काही लपेना.

पहिलं वर्ष मजेत गेलं. चौकातल्या बॅनरवर मंत्र्यांचा हात खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याला कुणीतरी सोललं. तोच हात गेल्या वर्षी दुसऱ्याच्या खांद्यावर होता, त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्याच्या. हात आठ वर्षं एकच होता, खांदे बदलत होते. महाराष्ट्र आठवडाभर हसला. मग कोर्टांनी सोलणी घेतली, वधूवर मंडळांनी घेतली, शेवटी ती फोनमध्ये आली आणि लोक घरचे अल्बम सोलत बसले. प्रयोगशाळेकडे पत्रं येऊ लागली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं: सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोत मी कडेला होते. आता कळलं, मला काढून तिथे कुंडी ठेवली आहे. कुंडी नऊ टक्क्यांनी मोठी केली आहे. मी काय करू?

अशा पत्रांना उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. तो विनतानेच सुचवला होता. यंत्र अचूक असणं एवढीच आपली जबाबदारी, असं तिचं म्हणणं. घरचे फोटो तिने स्वतः कधी सोलले नव्हते. त्यांच्याकडे कामाच्या डोळ्यांनी बघावं असं तिला वाटलंच नव्हतं. हमीदकाकांनी चारूचा सहा वर्षांचा चेहरा दर वर्षी थोडा थोडा ताणला असेल, असं ती धरून चालली होती.

*

आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी "काही आठवडे" म्हटल्यावर विनता महिनाभराची रजा टाकून मिरजेला आली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात पलंग, ऑक्सिजनचं घुमणारं यंत्र आणि नाकाला नळी लावून भिंतीकडे बघत पडलेली आई.

"यंदा चारूला चाळिसावं लागतंय," तिसऱ्या दिवशी आई म्हणाली. "आणि पोर अजून विशीतच. मी गेल्यावर कोण वाढवणार तिला?"

विनताने तिची उशी सारखी केली.

"हमीदभाईंचे हात कापतात आता. तू कर. तुझं शिक्षणच हे आहे ना? पौर्णिमेपर्यंत कर."

"करते."

"जांभळी साडी आणवलीय तिच्यासाठी. कपाटात आहे."

फोटो पलंगावरच काढायचा ठरला. विनताने उशा लावून आईला बसवलं, केस विंचरले, समोर कॅमेरा लावला.

"स्टँड आण," आई म्हणाली.

"आता कुठला स्टँड, आई? मीच बसते ना तिथे."

"तू बसलीस तर चारू कुठे बसेल?"

विनताने सलाईनचा स्टँड ओढून पलंगाला टेकवला. आईने मोठ्या कष्टाने हात उचलून त्याच्याभोवती टाकला, त्याच्याकडे मान वळवली आणि हसली. खिडकीतला उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. अडतीस वर्षांची विनता स्टँडच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि कुणी न सांगता थोडी सरकली.

*

चाळिशीची चारू आधीच्या चारूशी जुळायला हवी होती. त्यासाठी हमीदकाकांनी चेहरा कसा वाढवत नेला ते बघणं भाग होतं. दर वर्षीच्या फोटोबरोबर स्टुडिओने सीडी दिली होती. चौदा सीड्या आईने साडीच्या खोक्यात जपल्या होत्या. दुपारी आईचा डोळा लागल्यावर विनताने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मधलाच एक फोटो सोलणीला दिला. दहा वर्षांची चारू, पिवळा फ्रॉक.

सोलणीने नेहमीसारखं थंडपणे लिहिलं:

*तिसरा थर. व्यक्ती. आडवा उलटवलेला. मोठा केला, एकशे सहा पूर्णांक चार टक्के. फिरवला, दोन पूर्णांक एक अंश, टाचेवर टेकवून. हनुवटीवरचा तीळ पुसलेला. रंग अकरा टक्के उजळलेला. चौथा थर. फक्त डोळे. दुसऱ्या फोटोतून.*

विनताने "मूळ दाखवा" दाबलं.

चारू वळली. डावीची उजवी झाली, जराशी लहान झाली, सरळ उभी राहिली. रंग उतरला. हनुवटीवर डावीकडे तीळ उगवला. चौथा थर निघून गेला आणि त्या जागी दुसरे डोळे आले, हसून हसून पाणावलेले. कॅमेऱ्यामागे कुणीतरी डोक्यावर लेन्सचं झाकण ठेवून सलाम ठोकत असावं, असे.

विनताने आपल्या हनुवटीला बोट लावलं. मग दुसरी सीडी घातली, तिसरी घातली. चौदाही सोलल्या. काम म्हणून करत गेली, आकडे एका तक्त्यात उतरवत गेली. प्रमाण बदलत होतं, कोन बदलत होता, उलटवणं आणि तीळ तेवढे कायम होते. दहाव्या फोटोनंतर चौथा थर नव्हताच. तिथून पुढे चारूचे डोळेसुद्धा चारूचे नव्हते.

आतून आईने हाक मारली, "झाली का गं चारू?"

*

शिकलगार स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची दुरुस्ती चालायची. हमीदभाई वरच्या मजल्यावर सुनेकडे असत. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, थरथर दिसू नये म्हणून.

"सोललंस ना?" त्यांनी विनताला बघताच विचारलं. "हे यंत्र आल्याचं पेपरात वाचलं, तुझं नाव वाचलं, तेव्हापासून वाट बघतोय."

"तुम्ही का केलंत, काका?"

"सहा वर्षांचं तोंड ओढून दहा वर्षांचं होत नाही, बाळ. पहिल्या वर्षी तसंच करून दाखवलं होतं. गाल ओढले, हनुवटी ओढली. भूत दिसायला लागलं. वहिनी ताडकन उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, विनूचा घ्या."

"आई म्हणाली?"

"मग काय मी म्हणतोय? निवडायच्या पण त्याच. तुझे दहा-बारा मांडून ठेवायचो कॉम्प्युटरवर. सगळ्यात हसरा, सगळ्यात चांगला तो चारूला. मी फ्लिप मारायचो, म्हटलं, कुणाला कळू नये. तुला तर नाहीच."

विनता उठायला लागली. हमीदभाईंना ते सोसेना.

"एक सांगू का? नको, राहू दे."

"सांगा."

"घरच्या फोटोत जी तू आहेस ना, कडेची. ती पण निवडलेली आहे. तीन-चार काढायचो, एखाद्यात तू बरी यायचीस. वहिनी पापण्या मिटलेला घ्यायला लावायच्या. म्हणायच्या, विनता अशीच असते." त्यांनी हात बाहेर काढला आणि तो थरथरला तसा पुन्हा मांडीखाली घातला. "मी एका शब्दानं बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. तू हसायचीस ना, ते मला वाटायचं, चला, कुठंतरी राहील तरी."

निघताना त्यांनी सुनेकरवी एक जुनी हार्ड डिस्क दिली. न उलटवलेले सगळे फोटो तिच्यात होते.

*

"आई, चारूच्या फोटोत मी आहे."

आईने नाकाची नळी बोटाने सारखी केली. "हमीदभाई बोलले?"

"यंत्राने सांगितलं. ते नंतर बोलले."

"मग ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला."

विनता ओरडली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली. "अशी हसलीस कधी, म्हणायचीस मला. दर वर्षी. आणि तुला माहीत होतं ते हसू कुणाचं आहे."

"माझ्यासमोर नव्हतीस हसत. मी बाहेर बाकावर गेले की हसायचीस. आत आले की बंद." आई श्वासासाठी थांबली. "तुझं हसणं वाया चाललं होतं. तिच्या उपयोगी आलं."

"आणि माझ्या फोटोत पापण्या मिटलेल्या का घेतल्यास?"

आईने खरोखरच आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. "दोघी सारख्या दिसल्या असत्या ना मग."

यंत्र घुमत राहिलं. मग आई बोलली, सावकाश, तुकड्यातुकड्याने, रागही न येता.

"तुला काय कमी होतं? तू जिवंत होतीस. शाळेत जात होतीस, जेवत होतीस. तुझे दात पडून नवे येत होते. तिला काय होतं? वर्षाचा एक फोटो. त्यातही वाटणी हवी होती तुला? दोघी एका गादीवर होतात. एकच ताप. सकाळी तू उठलीस." ती भिंतीकडे वळली. "पौर्णिमा परवा आहे. कधी देतेस?"

*

पौर्णिमेला दुपारी विनताने जांभळी साडी नेसून, खुर्चीवर बसून, स्वतःचा फोटो काढला. चाळिशीच्या चारूसाठी दुसरं कुणी नव्हतं.

पण तिने तो उलटवला नाही. कोन शून्य ठेवला, प्रमाण शंभर. तीळ ठेवला, रंग ठेवला. सलाईनचा स्टँड झाकला जाईल एवढाच थर सरकवला आणि आईच्या हाताखाली आणून सोडला. तो नीट बसत नव्हता. आईच्या चेहऱ्यावरचा उजेड खिडकीच्या बाजूने होता, विनताच्या चेहऱ्यावरचा विरुद्ध बाजूने. नाकाची सावली चुकीच्या गालावर पडली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर विनताने त्याला घरी पाठवलं असतं. तिने ती तशीच राहू दिली. आईने एकदा, मरण्याआधी एकदा, आपल्या हाताखाली विनताला बघावं, एवढंच तिला हवं होतं. बघून काय म्हणेल याचा विचार तिने केला नव्हता, किंवा फार केला होता.

संध्याकाळी पाट मांडला. निरांजन लावायचं म्हणजे ऑक्सिजन बंद ठेवायला हवा. डॉक्टर म्हणाले होते, पाच मिनिटं, त्यावर नाही. विनताने यंत्र बंद केलं, नळी काढून दूर ठेवली, खिडक्या उघडल्या, थोडं थांबली आणि मग वात पेटवली. यंत्राची घरघर थांबल्यावर आईचा श्वास ऐकू येऊ लागला. विनताने लॅपटॉपवर फोटो उघडून पडदा तिच्यासमोर धरला.

आई बघत राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला होता, तो हळूहळू मिटत गेला.

"ही चारू नाही."

"नाही."

"ही विनता आहे."

"हो. हात तुझाच आहे, आई. बघ ना. फक्त खांदा माझा आहे."

"नीट कर."

"आधी नळी लावू. निरांजन नंतर लावता येईल."

"नीट कर," आई म्हणाली. तिने तबक मांडीवर धरून ठेवलं होतं. ज्योतीशी तोंड असल्याने विनताला नळी जवळ आणता येईना. "तिला ओवाळल्याशिवाय लावणार नाही."

"आई, ओठ निळे पडतायत."

"मग लवकर कर."

विनताने तबकाला हात घातला. आईने ते उरली होती त्या सगळ्या ताकदीने धरलं. तूप सांडलं. आईच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता.

विनता लॅपटॉप घेऊन बसली. आकडे पाठ होते. थर आडवा उलटवला. तीळ पुसला. रंग अकरा टक्के उजळला. उलटवल्याबरोबर नाकाची सावली योग्य गालावर गेली, खिडकीचा उजेड बरोबर पडला, आणि तो थर आईच्या हाताखाली असा चपखल बसला की हात त्याच्यासाठीच टाकला होता म्हणावं. होताच तसा. एक मिनिट चाळीस सेकंद लागले. कामात विनताचा हात कधी चुकत नसे.

तिने पडदा पुन्हा समोर धरला.

"आली," आई म्हणाली. "किती मोठी झाली."

तबक तिच्याने उचलवेना. विनताने एका हाताने पडदा छातीशी धरला आणि दुसरा आईच्या मनगटाखाली दिला. ज्योत फिरू लागली. एकदा. दोनदा. काचेवर जांभळ्या साडीतली बाई हसत होती.

"औक्षवंत हो, बाळा," आई पुटपुटली. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या कपाळाला आठी पडली.

"विनता, मागे हो जरा. तुझी सावली पडतेय तिच्यावर."

विनताने पडदा धरलेला हात होता तेवढा लांब केला आणि मागे झाली.

*

आई त्यानंतर एकोणीस दिवस जगली. या एकोणीस दिवसांत तिने विनताकडे पाणी मागितलं, उशी बदलायला सांगितली, दोनदा "दमलीस गं" असंही म्हणाली.

तेरावा झाल्यावर विनताने आईचा फोन बंद करण्याआधी त्यातले फोटो बघायला घेतले. आईचा अल्बम तिथे होता. चेहरे ओळखून त्याखाली नावं लिहिणारा. आईने वेळोवेळी ती नावं भरली होती: बाबांचं श्रीधर, मग चारू, हमीदभाई. विनताने हार्ड डिस्क जोडली आणि पिवळ्या फ्रॉकमधला, चिमटे लावलेला, न उलटवलेला फोटो आत टाकला.

*ही चारू आहे का?* अल्बमने विचारलं.

तिने "नाही" दाबलं.

*मग कोण?* खाली नावांची यादी आली. तिच्यात विनता नव्हतं. *नवी व्यक्ती जोडायची का?*

तिने स्वतःचं नाव लिहिलं. अल्बम क्षणभर फिरला. तोही सोलणीवरच चालायचा, विनताच्याच सुधारणेवर, आणि अचूक होता.

*विनता आणि चारू एकच व्यक्ती आहे. चौदा फोटोंवरचं चारू हे नाव काढून विनता लिहायचं?*

पौर्णिमेला करता आलं नव्हतं ते आता एका बोटाने होणार होतं. विनताने "हो" दाबलं. चौदा फोटोंखाली पटापट तिचं नाव आलं. आईच्या हाताखाली पाच वर्षांची विनता, आठ वर्षांची विनता, मोरपंखी साडीतली विनता. ती एकेक उघडून बघत गेली. ते तिच्या मनासारखं दिसत होतं.

शेवटी एक फोटो उरला. दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली, शाळेचा पहिला दिवस. उलटवलेला नाही, ताणलेला नाही, एकच थर. आता तो अल्बममधल्या कुणाशीच जुळत नव्हता.

*ही व्यक्ती कोण?*

विनताने तो मोठा केला. मुलगी हसत नव्हती. डोळे जरा लहान, कपाळ रुंद, ओठ घट्ट मिटलेले. या मुलीशेजारी ती एका गादीवर झोपत असे. हा चेहरा आपण शेवटचा कधी पाहिला ते तिला आठवेना. पाहिला होता की नाही, तेही.

यंत्राने प्रश्न पुन्हा विचारला. विनताचं बोट बराच वेळ पडद्याच्या वरच राहिलं.